मागचा डावा कोपरा

ताई, भांडण अर्धवट टाकून उठायची तुला सवय नव्हती. जेवताना सुरू झालेला वाद तू हात धुतल्यावरही चालू ठेवायचीस, आणि तेवढ्यानं मिटला नाही तर दुसऱ्या दिवशी गोरव्याला शेडवर जाताना गाडीत बसल्या बसल्या, ‘हां, तर काल तू म्हणत होतास की,’ म्हणून तिथूनच पुढे. या वेळी मात्र तू मधेच उठून गेलीस. सतरा दिवस झाले.

या सतरा दिवसांत घरी पुष्कळ लोक येऊन गेले. तुझ्या लॅबमधल्या बायका आल्या, निजामपुऱ्यातले शेजारी आले. तू किती हुशार, किती शिस्तीची, आईबाबांचं शेवटपर्यंत कसं केलंस, सगळं बोलून झालं. सगळं खरंच आहे. मी मान हलवत बसलो होतो. पण मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यातल्या कुणाशी नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि त्यासाठी मला पाच महिने मिळाले होते.

तीन वर्षांपूर्वी तू रिटायर झालीस आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिलीस. ‘घरी बसून तुझ्या वृषालीच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा तुझ्या शेडमध्ये खुपसते,’ म्हणालीस. मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल. आमचं काम म्हणजे पत्रे, वेल्डिंग, ग्राइंडरचा आवाज. शाळेच्या बस, अँब्युलन्स, फिरते दवाखाने यांच्या बॉड्या बांधायच्या नाहीतर दुरुस्त करायच्या. त्यात केमिस्ट्रीच्या बाईचं काय काम? पण पहिल्याच दिवशी एका जुन्या बसचं उतरवलेलं पॅनेल तू उलटं करून बघितलंस आणि मला हाक मारलीस.

‘हे बघ. जिथे जिथे रिव्हेटसाठी भोक पाडलंय, तिथे तिथे गंज.’

‘भोक पाडल्याशिवाय रिव्हेट कसा मारणार?’

‘मारूच नकोस. चिकटव.’

रमणभाईंनी हातोडी खाली ठेवली. पंचवीस वर्षं त्यांनी माझ्याकडे पत्र्याचं काम केलंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघं हसलो. गाडीची बॉडी चिकटवायची, म्हणजे वहीला कव्हर घातल्यासारखं!

तू हसली नाहीस. भंगारातून तळहाताएवढ्या दोन पट्ट्या उचलल्यास, घासल्यास, पुसल्यास, मधे नळीतून चिकटद्रव्याची जाड रेघ ओढलीस आणि एकमेकींवर दाबून ठेवून दिल्यास. चौथ्या दिवशी त्या शिकंज्यात पकडून आम्हाला म्हणालीस, ‘आता सोडवा.’ रमणभाईंनी पान्यानं जोर लावला. पट्टी वाकली, जोड सुटला नाही. मग मी लावला. मग दोघांनी मिळून लावला. रमणभाई कपाळ पुसत म्हणाले, ‘ताईबेन, आ तो जबरुं छे!’ त्या दिवसापासून तू साऱ्या शेडची ताईबेन झालीस.

माझं मात्र समाधान झालं नाही. मी म्हणायचो, चिकटवलेलं कधी ना कधी सुटणारच. तू म्हणायचीस, आपोआप सुटत नाही, घाई करणाऱ्या माणसानं ते आधीच सोडवून ठेवलेलं असतं. मी म्हणायचो, कोपऱ्यांना दोन-दोन रिव्हेट मारू, मनाला बरं. तू म्हणायचीस, तुझ्या मनासाठी मी लोकांच्या गाडीत पाणी शिरू देणार नाही. तीन वर्षं हे चाललं. खरं सांगू? त्या तीन वर्षांइतकं आपण लहानपणीसुद्धा बोललो नव्हतो. तू कॉलेजात गेलीस तेव्हा मी पाटी घेऊन बसणारा, पुढे तुझ्या शिफ्ट आणि माझे उद्योग. बाबांना मी रेल्वेतच चिकटायला हवा होतो, आणि ‘त्याचे हात चांगले आहेत, त्याला शेड काढू द्या’ हे त्यांच्यासमोर तू एकटीच बोलली होतीस. त्याबद्दलही मी तुला कधी काही म्हटलं नाही.

जानेवारीत प्रवीणभाई आणि नलिनीबेन त्यांची मोटरहोम घेऊन आले. दोघंही रिटायर झालेले शिक्षक. जुन्या मिनीबसवर कुणीतरी बांधलेलं ते चाकांवरचं घर त्यांनी हौसेनं घेतलं होतं. आत दोन पलंग, छोटा ओटा, संडास-बाथरूम, खिडक्यांना नलिनीबेननी स्वतः शिवलेले पडदे. बाहेरून मात्र डाव्या अंगाचं फायबरचं लांबलचक पॅनेल मागच्या टोकाकडून सुटत चाललं होतं. गाडी वेगात गेली की फडफडायचं. आधीच्या मालकानं तिथे पुन्हा पुन्हा सिलिकॉन भरून वेळ मारून नेली होती.

‘रविवारी इंदूरला मुलीचं सीमंत आहे, डोहाळजेवण,’ नलिनीबेन म्हणाल्या. ‘मी तिला सांगून ठेवलंय, तुझ्या दारात आमचं घर येऊन उभं राहणार.’

तू पॅनेलच्या फटीत बोट घालून बघितलंस. ‘पूर्ण काढावं लागेल. वरून भरून नाही चालणार. आणि हे सिलिकॉन सगळं खरवडायला लागेल. ते डोळ्याला दिसत नाही, पण जिथे उरतं तिथे दुसरं काहीही धरत नाही.’

दोन दिवस आम्ही तेच केलं. पॅनेल उतरवलं, आतल्या चौकोनी पाइपांचा सांगाडा उघडा केला, ब्लेडनं खरवडला, पॉलिश पेपरनं घासला, स्पिरिटनं पुसला. आणि पुसून झाल्यावर तू लॅबमधून आणलेला ड्रॉपर घेऊन सांगाड्याच्या एका टोकापासून चालायला लागायचीस. वीतभर अंतरावर एक थेंब पाण्याचा. थेंब पसरला तर जागा साफ. गोळा होऊन तसाच उभा राहिला तर पुन्हा घासा. रमणभाई वैतागायचे, पण घासायचे.

शुक्रवारी दुपारी फक्त मागचा डावा खालचा कोपरा राहिला होता. चाकाच्या कमानीमागे तो असा दडलेला की उभ्यानं हात पोचत नव्हता. जमिनीवर उताणं झोपून, हात वर करून, आंधळेपणानं खरवडायला लागणार. एरवी तू स्वतः शिरली असतीस, पण त्या आठवड्यात तुला जरा चाललं तरी दम लागत होता, आणि जमिनीवर झोपायचं नाही असं मीच तुला दटावलं होतं. ‘मी करतो,’ म्हणालो आणि गाडीखाली गेलो. खांदा दुखत होता. जेवायची वेळ टळून गेली होती. मी स्पिरिटचा कपडा दोनदा फिरवला. बाहेर डोकं काढून बघितलं तर तेवढा तुकडा चकचकीत दिसत होता.

तू प्रायमरची बाटली हलवत होतीस. ‘सुध्या, मागचा खालचा कोपरा?’

‘साफ आहे.’

‘पाणी टाकून बघितलंस?’

‘बघितलं.’

मी बघितलं नव्हतं.

का खोटं बोललो हे मला आजही धड सांगता येत नाही. खांदा, भूक, हे सगळं आहेच. त्या एवढ्या लांब पॅनेलमध्ये वीतभर जागेनं काय होतंय, हेही आहे. पण एक आणखी आहे आणि तेच जास्त खरं असावं. चोपन्न वर्षांचा झालो तरी माझी मोठी बहीण माझा अभ्यास तपासते आहे, याचा मला त्या क्षणी राग आला होता. तू मात्र माझ्या शब्दावर पुढे गेलीस. त्या एका जागी तू स्वतः थेंब टाकला नाहीस, कारण मी म्हटलं होतं.

मग प्रायमर, मग चिकटवायची जाड रेघ, मग चौघांनी उचलून पॅनेल बसवलं आणि गाडीला आडवे पट्टे आवळले. जानेवारीची कोरडी हवा होती, म्हणून तू भोवती ओली पोती टांगायला लावलीस. ‘हे हवेतलं पाणी पिऊन घट्ट होतं,’ तू प्रवीणभाईंना समजावत होतीस. ‘कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. सोमवार सकाळपर्यंत पट्टे सोडायचे नाहीत. इंदूरला या वेळी रेल्वेनं जाऊन या.’ प्रवीणभाई हो म्हणाले. नलिनीबेन मात्र गाडीचे पडदे सारखे करत राहिल्या.

शनिवारी सकाळी तू हॉस्पिटलमध्ये गेलीस, तुझ्या हृदयाची सोनोग्राफी होती. मी येतो म्हटलं तर म्हणालीस, ‘कशाला? निजायचं आणि उठून यायचं.’ साडेदहाला प्रवीणभाई आणि नलिनीबेन शेडवर आले. रेल्वेचं तिकीट मिळालं नव्हतं. नलिनीबेन रेशमी साडी नेसून, मिठाईचा डबा हातात घेऊन गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. ‘सुधीरभाई, चालशे ने? हळूहळू जाऊ आम्ही.’

मी पॅनेल सगळीकडून दाबून बघितलं. घट्ट होतं. रमणभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘ताईबेनने पूछी लो.’ तुला विचारून घ्या. मी विचारलं नाही. मी पट्टे सोडले.

पावणेबाराला तू रिक्षातून उतरलीस. हातात पिवळी फाइल. रिकामी जागा बघितलीस, गुंडाळलेले पट्टे बघितलेस. ओरडली नाहीस. सरळ टेबलाकडे गेलीस. कामाबरोबर त्याच नळीतून तू नेहमी दोन पट्ट्यांचा एक नमुना जोडून ठेवायचीस, तो शिकंज्यात धरून उचकटलास. कडा घट्ट झाल्या होत्या. आतला पांढरा गर अजून बोटाला लागत होता.

‘किती वाजता गेले?’

‘अकराला.’

‘फोन लाव.’

फोन लागत नव्हता.

‘ताई, हळू जातो म्हणालेत. आणि कडेनं तर धरलंय.’

‘कडेनं धरलंय, बरोबर. सगळ्या कडा साफ असतील तर इंदूरसुद्धा गाठतील ते. पण एक जरी कडा उघडली तर वारा आत शिरेल, आणि आतलं सगळं मऊ आहे.’ तू माझ्याकडे बघितलंस. ‘गाडी काढ.’

मी व्हॅनमध्ये पट्टे टाकले, ड्रिल टाकलं, रिव्हेटचा डबा टाकला. डबा तू बघितलास.

हालोलचा रस्ता तुझ्या-माझ्या पायाखालचा. त्या दिवशी तो संपता संपत नव्हता. तू एकसारखी फोन लावत होतीस. मी समोरच्या प्रत्येक ट्रकच्या पलीकडे पांढरी गाडी दिसते का बघत होतो, आणि रस्त्याच्या डाव्या कडेलाही बघत होतो, तिथे एखादं लांब पांढरं पॅनेल पडलेलं दिसेल, आणि त्याभोवती माणसं जमलेली असतील म्हणून. प्रत्येक घोळक्यापाशी माझा पाय ब्रेकवर जात होता.

‘मी नसताना का दिलीस?’ तू विचारलंस.

‘प्रत्येक गोष्ट तुला विचारूनच करायची का? शेड माझी आहे.’

‘शेड तुझीच आहे. पण ते पॅनेल सुटून ज्याच्या अंगावर जाईल, त्याला शेड कुणाची याच्याशी काय करायचंय?’

तेव्हा ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. ताई, मी तो कोपरा खरवडला नव्हता. एवढंच म्हणायचं होतं. मी हॉर्न वाजवला आणि पुढच्या टेंपोला मागे टाकलं. फाइल तुझ्या मांडीवर होती. तिच्यात काय लिहिलंय हे मी विचारलं नाही. माझी मोठी बहीण हृदयाची तपासणी करून आली होती, आणि तासभर शेजारी बसूनही मला ते विचारायचं सुचलं नाही.

हालोलच्या पेट्रोलपंपावर विचारलं. ‘पेली घरवाळी गाडी? हमणां ज गई,’ पंपवाला म्हणाला. आत्ताच गेली होती, जेवायला थांबले होते ते. तिथून पंधरा मिनिटांच्या अंतरावर होते.

कालोल सोडलं आणि पांढरी पाठ दिसली. मी वेग वाढवला. जवळ गेलो तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास.

मागचा डावा कोपरा उघडला होता. वाऱ्यासरशी तो बाहेर यायचा, गाडीवर आपटायचा, पुन्हा बाहेर यायचा. दर वेळी जरा जास्त. आणि आपल्या व त्या गाडीच्या मधे एक मोटरसायकल होती. चालवणारा, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई, पुढे टाकीवर चार-पाच वर्षांची मुलगी. मी हॉर्नवरून हात काढला नाही. प्रवीणभाईंना वाटलं, पुढे जायचंय, म्हणून त्यांनी हात बाहेर काढून आपल्याला वाट दिली. उजवीकडे मी घुसणार असं समजून मोटरसायकलवाला डावीकडे वळला. डावीकडून पुढे काढायला, बरोबर त्या पॅनेलच्या अंगाला.

‘सुध्या!’ तू किंचाळलीस. तुझा तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मी व्हॅन डावीकडे कच्च्यात घातली. धूळ उडाली. मोटरसायकल आणि ती गाडी यांच्या मधे मी आडवा आलो, त्यानं करकचून ब्रेक मारला, आरशात तो हेलपाटताना दिसला आणि सावरताना दिसला. मग मी उजवीकडून प्रवीणभाईंच्या बरोबरीला गेलो. तू खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलीस आणि हातातली पिवळी फाइल जोरजोरात हलवायला लागलीस. ‘ऊभी राखो! प्रवीणभाई, ऊभी राखो!’ फाइलमधला एक कागद सुटला आणि मागे उडत गेला. प्रवीणभाईंनी तुला ओळखलं. गाडी थांबली.

मोटरसायकलवाला शिव्या देत आला. शिव्या देता देता त्यानं हातभर उघडलेलं पॅनेल बघितलं, पलीकडे उतरलेल्या आपल्या मुलीकडे बघितलं आणि गप्प झाला. मुलीला उचलून पुढे बसवलं आणि निघून गेला. त्याचं नावही आपल्याला कळलं नाही.

तू दगडावर हात टेकून खाली बसलीस. तुझा श्वास मला ऐकू येत होता. फटीत हात घालून तू चाचपलंस. रेघ पूर्णच्या पूर्ण पॅनेलला चिकटून आली होती, सांगाड्यावर तिचा कणसुद्धा उरला नव्हता. तू पाण्याची बाटली मागितलीस. झाकणात पाणी घेतलंस आणि बोटानं त्या लोखंडावर दोन थेंब सोडलेस. ते तसेच गोल उभे राहिले.

त्या थेंबांकडे तू किती वेळ बघत होतीस कोण जाणे. मग मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तू विचारशील म्हणून मी वाट बघत होतो. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत होतो.

तू नाही, प्रवीणभाईंनी विचारलं. चूक कुणाची, म्हणून. ‘बेन, आ कोनी भूल?’

मी बोललो नाही.

‘मारी भूल छे, प्रवीणभाई,’ तू म्हणालीस. ‘तपासायचं काम माझं होतं.’ मग उठून, साडीची माती झटकून, मला मराठीत म्हणालीस, ‘सुध्या, रिव्हेट मार.’

तू तळहातानं पॅनेल दाबून धरलंस आणि मी तुझ्या बोटांपासून दोन इंचांवर भोकं पाडली. चार रिव्हेट मारले. तीन वर्षं ज्या वादात तू मला एक इंच हलू दिलं नव्हतंस, तो वाद मी रस्त्याच्या कडेला जिंकलो.

वर पट्टे आवळून गाडी मुंगीच्या पावलानं गोध्र्यापर्यंत नेली, प्रवीणभाईंच्या ओळखीच्या वाड्यात उभी केली. ती दोघं बसनं इंदूरला गेली. नलिनीबेन मिठाईचा डबा मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसल्या आणि बस सुटली तरी त्यांनी आपल्याकडे बघितलं नाही.

परतताना कालोल गेलं, हालोल गेलं. मग तू म्हणालीस, ‘डॉक्टर म्हणाले, झडप अरुंद झालीय. ऑपरेशन लागेल.’

‘कधी?’

‘बघू.’

मला काय वाटलं ते लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. बोलायला दुसरा विषय मिळाला म्हणून.

त्यानंतर शेडमध्ये तुझा शब्द पूर्वीसारखा राहिला नाही. प्रवीणभाईंच्या ओळखीचे तसल्याच गाड्यांचे दोघे मालक येणार होते, ते दुसरीकडे गेले. वेल्डिंगवाले आपसांत चेष्टा करायचे, ताईबेननीसुद्धा शेवटी रिव्हेट मारवले. तू ऐकून हसायचीस. एकदा स्वतःच रमणभाईंना म्हणालीस, ‘कोपऱ्यांना दोन-दोन मारून घ्या हो.’ मी तिथेच उभा होतो. नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि हो म्हणायलाही.

जेवताना तू मधेच थांबायचीस आणि म्हणायचीस, ‘सुध्या, काही म्हणत होतास?’

‘नाही. काही नाही.’

वृषाली एकदा हसून म्हणाली, ‘ताई, ते तोंडही उघडत नाहीत, आणि तुम्हाला ऐकू येतं!’ फेब्रुवारीत तू असं खूपदा विचारलंस. मार्चमध्येही. पुढे सोडून दिलंस. ऑपरेशनची तारीख तूच दोनदा पुढे ढकललीस. तिसऱ्यांदा ठरली तिला आठ दिवस होते, तेव्हा जूनमधल्या एका सकाळी वृषालीनं चहाला हाक मारली आणि तू आली नाहीस. त्याबद्दल मी लिहू शकत नाही.

तेरावं झाल्यावर प्रवीणभाई आणि नलिनीबेन भेटायला आले. नलिनीबेन रडल्या. म्हणाल्या, ‘एवढी मोठी चूक, पण तुमच्या बहिणीनं भर रस्त्यात कबूल केली. असं मोठं मन कुणाचं असतं? मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही, त्याचंच वाईट वाटतं.’

वृषाली पाणी घेऊन आली होती. मी तिच्यासमोरच सांगितलं. चूक ताईची नव्हती. कोपरा मी साफ करणार होतो. मी केला नाही, आणि तिला केला म्हणून सांगितलं.

वृषालीच्या हातातला ट्रे तसाच राहिला. प्रवीणभाई उठले, हात जोडून तुझ्या फोटोला नमस्कार केला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन चपला घालायला लागले. नलिनीबेन दारात थांबल्या.

‘तुम्ही हे त्यांना सांगितलं होतं?’

‘नाही.’

‘मग हे मला सांगून काय उपयोग?’ त्या म्हणाल्या, आणि गेल्या. वृषाली त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा देताना एवढंच म्हणाली, ‘शेडमध्ये त्यांची चेष्टा झाली ना? मग तिथे सांगून या.’

काल मी सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं. ग्राइंडर बंद झाला. मी सांगितलं, ताईबेनची चूक नव्हती, माझी होती. हळूहळू जो तो आपल्या जागेवर गेला. रमणभाई मात्र तिथेच उभे राहिले.

‘शेठ, मने खबर हती,’ ते म्हणाले. त्यांना माहीत होतं. त्या शुक्रवारी ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, मी नुसता कपडा फिरवून बाहेर आलो हे त्यांनी बघितलं होतं. आणि सोमवारी सकाळी, मी यायच्या आधी, तू त्यांना विचारलं होतंस की मागच्या कोपऱ्यावर कोण होतं. त्यांनी तुला खरं ते सांगितलं होतं.

‘मग ती काय म्हणाली?’

हातातला कपडा घडी करून रमणभाईंनी टेबलावर ठेवला.

‘म्हणाल्या, कुणाला बोलू नका. एने पोते कहेवा दो.’

त्याचं त्याला सांगू दे.

एवढं सांगून ते कामाला लागले. ताई, तो कोपरा मी खरवडला नव्हता. पाणी टाकून बघितलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, आणि तू वाट बघत होतीस तेव्हा गप्प बसलो.